आधी सिस्टरला तिचं काम नीट करू द्या

आरोग्य कर्मचारी काम सोडून का जातात, असं विचारलं की उत्तर तयार असतं: पगार कमी, ताण जास्त. उत्तर खरंच आहे. पण शेजारशेजारची दोन प्राथमिक आरोग्य केंद्रं घ्या. पगार तोच, रिक्त पदं जवळपास तेवढीच, ओपीडीची रांगही तशीच. तरी एका केंद्रात माणसं वर्षानुवर्षं टिकतात आणि दुसऱ्यातून बदलीचे अर्ज जात राहतात. आरोग्यसेवेत वावरलेल्या कुणालाही अशी एखादी जोडी आठवेल. हा फरक रोजच्या पद्धतींतून पडतो. ड्यूटी कशी लावली जाते, पुढच्या शिफ्टला ओव्हर कसा दिला जातो, मीटिंगमध्ये कोण बोलतं, चूक झाली की पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, यांतून.

या पद्धती ज्यांच्या हातात आहेत त्यांच्यासाठी हा लेख आहे. वॉर्डाच्या परिसेविका, केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, गटप्रवर्तक, वीस-पंचवीस खाटांचं नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर. वेतनश्रेणी तुम्ही ठरवत नसाल, पदं भरणंही तुमच्या हाती नसेल. पण उद्या सकाळी ड्यूटीवर येणाऱ्या सिस्टरचा दिवस कसा जाईल, हे बऱ्याच अंशी तुम्हीच ठरवता.

सगळ्यात जास्त काय खुपतं

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९५९ साली ‘द मोटिव्हेशन टू वर्क’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा या गोष्टी वाईट असल्या की माणूस नाराज होतो. पण त्या सुधारल्या म्हणजे तो आपोआप समाधानी होतो असं नाही, अशी त्यातली मांडणी. समाधान कामातूनच येतं. काहीतरी पार पाडलं, कुणी त्याची दखल घेतली, विश्वासाने जबाबदारी सोपवली, तर. या मांडणीवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण दवाखान्यात तिचा गाभा रोज पटतो.

ड्यूटी संपवून निघताना सिस्टरला आठवतं, सात नंबरच्या आजोबांची कूस बदलायची राहिली. पहिलटकरणीला बाळ छातीशी नीट कसं धरायचं ते दाखवायचं होतं, तेवढा वेळच मिळाला नाही. ती थकवा तर घरी नेतेच, वर मनाला लागलेली बोचही नेते. थकवा झोपेने उतरतो. ही बोच साचत जाते, आणि एक दिवस ती सिस्टर आजोबांकडे बघणंच कमी करते, कारण बघितलं की वाईट वाटतं. बाहेरून लोक म्हणतात, सिस्टर निगरगट्ट झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. तिची तीन लक्षणं त्यात दिली आहेत: शक्ती आटल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने दूर जाणं, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. तिन्ही या एकाच सिस्टरमध्ये दिसतात.

म्हणून कुठलीही पद्धत तपासताना एकच कसोटी लावा. या पद्धतीने कर्मचाऱ्याला त्याचं खरं काम नीट करायला मदत होते, की आडकाठी होते? पुढचं सगळं या कसोटीवरच उभं आहे.

माणसं कमी आणि रुग्ण जास्त असतील तर कुठलीही पद्धत पुरी पडत नाही, हेही आधीच सांगायला हवं. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे सरासरी एक रुग्ण वाढला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी आणि कामाबद्दलच्या असमाधानाची १५ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. त्याबरोबर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यताही ७ टक्क्यांनी वाढत होती. सिस्टरचं समाधान आणि रुग्णाचा जीव यांची मोजदाद वेगवेगळ्या वह्यांत ठेवता येत नाही.

ड्यूटी चार्ट: वेळेवर, लिहिलेला, सगळ्यांना दिसणारा

ड्यूटी चार्टवर कर्मचाऱ्याचं घर चालतं. मुलाची परीक्षा, सासूबाईंची दवाखान्याची तारीख, गावची जत्रा, सगळं त्या कागदाकडे बघून ठरतं. तो कागद आदल्या संध्याकाळी लागत असेल किंवा फोनवर बदलत असेल, तर माणूस घरी असूनही कायम ड्यूटीवरच असतो.

चार्ट किमान दोन आठवडे आधी लावा. लावण्याआधी मागण्या लिहून घ्यायला एक वही ठेवा आणि नाही म्हणायचं असेल तर कारण सांगा. सणाच्या ड्यूट्यांचा हिशेब वर्षभराचा ठेवा; गेल्या दिवाळीत नाइट कुणी केली हे चार्टवरच दिसलं की कुरबुर निम्मी कमी होते. शिफ्ट फिरवायच्या असतील तर मॉर्निंग, मग इव्हनिंग, मग नाइट अशा क्रमाने फिरवा. उलट्या क्रमापेक्षा शरीराला हे सोपं जातं. इव्हनिंग संपवून गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी मॉर्निंगला बोलावण्याआधी विचार करा. युरोपीय संघाच्या नियमात दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती हा किमान हक्क आहे. आपल्याकडे इव्हनिंग रात्री आठला संपते, ओव्हर देऊन निघेपर्यंत साडेआठ-नऊ होतात आणि बस मिळून घरी पोचायला दहा. सकाळी आठच्या ड्यूटीसाठी सहाला पुन्हा निघायचं. मधली झोप किती उरते, हे चार्ट लावणाऱ्याने एकदा कागदावर मांडून बघावं.

आपल्याकडची नाइट बहुतेक ठिकाणी बारा तासांची असते. परिचारिकांच्या शिफ्टच्या लांबीवरचा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २०१२ साली आला. तेरा तास आणि त्याहून लांब शिफ्ट करणाऱ्यांमध्ये बर्नआउट आणि असमाधान यांची शक्यता आठ-नऊ तासांच्या शिफ्टच्या तुलनेत सुमारे अडीच पट असल्याचं त्यात आढळलं. बारा तासांच्या नाइटवर डबल ड्यूटी चढवणं ही म्हणूनच सवयीची गोष्ट होता कामा नये. कधी करावीच लागली तर ती चार्टवर डबल म्हणूनच लिहा आणि भरपाईची सुट्टी त्याच आठवड्यात द्या. न लिहिलेली डबल ड्यूटी कुणाच्या लक्षात राहत नाही. जिने ती केली तिच्या मात्र राहते.

ओव्हर: वीस मिनिटांचं मोल

सकाळचे पावणेआठ. नाइटची सिस्टर टेबलाशी रिपोर्ट बुक पुरं करतेय. मॉर्निंगची येते, पर्स ठेवते, इंजेक्शन ट्रॉलीकडे बघते: ॲड्रेनलिन संपलंय, इंडेंट गेलेला नाही. “रात्री काय काय झालं?” असं विचारेपर्यंत राउंडला डॉक्टर येतात. नाइटची घाईघाईने सांगते, “सगळे ठीक आहेत, बारा नंबरचं फक्त बघ,” आणि रिक्षा पकडायला निघते. बारा नंबरचं काय बघायचं, ते नऊ वाजता कळतं: रात्री दोनला ताप होता, रक्त पाठवलंय, रिपोर्ट घ्यायचा राहिलाय. डॉक्टर सगळ्यांसमोर विचारतात, “तुम्हाला माहीत नाही?” मॉर्निंगच्या सिस्टरचा दिवस तिथेच बिघडतो, आणि दोष तिचा नसतो.

ओव्हर खाटेजवळ उभं राहून द्यायची पद्धत पाडा. प्रत्येक रुग्णाबद्दल चार गोष्टी ठरवून ठेवा: आत्ता अवस्था काय, मागे काय घडलं, मला काय वाटतं, आणि पुढे काय करायचं राहिलंय. त्यातली तिसरी सहसा गळते. “मला वाटतं आजीचा श्वास कालपेक्षा जड आहे,” हे सिस्टरचं निरीक्षण असतं, तिची विद्या असते. तिला ते म्हणायची रोज संधी मिळाली तर ती अधिक बारकाईने बघते, आणि डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होतो.

दोन शिफ्ट पंधरा-वीस मिनिटं एकमेकींवर चढतील अशा वेळा ठेवा आणि ही मिनिटं ड्यूटीत धरा. राउंड ओव्हर संपल्यावरच सुरू करायचा, हा शब्द डॉक्टरांनी द्यायला हवा. ट्रॉली भरून देणं हा ओव्हरचाच भाग ठरवा. कक्षसेवक, मावशी आणि मामा यांनाही ओव्हरमध्ये सामील करून घ्या. कुणाला आधार देऊन उठवायचं आणि कुणाला अजिबात हलवायचं नाही, हे त्यांना तोंडी हुकमांतून तुकड्यातुकड्याने कळतं, आणि मग रुग्ण पडला की खापर त्यांच्यावर फुटतं.

वह्या, ॲप आणि ग्रुप

उपकेंद्रातली आरोग्यसेविका सपाट भागात साधारण ५,००० आणि डोंगराळ-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येसाठी असते. तिच्या टेबलावर माता-बाल नोंदवही, लसीकरणाची वही, जोडप्यांची नोंद, साथीच्या रोगांची, औषधसाठ्याची वही असते. तीच माहिती मग ॲपवर आणि पुन्हा महिन्याच्या अहवालात भरायची. शिवाय रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज पडतो: ‘उद्या सकाळी ९ पर्यंत लाइन लिस्ट पाठवावी.’ खाली अंगठ्यांची रांग लागते. ज्यांचा अंगठा आला नाही, त्यांची नावं सकाळी ग्रुपवर येतात.

राज्याने ठरवलेल्या वह्या तुम्ही बंद करू शकत नाही. पण तुमच्या केंद्राने स्वतःहून वाढवलेल्या वह्या नक्कीच बंद करू शकता. एका दुपारी सगळ्या नोंदवह्या एका टेबलावर मांडा आणि प्रत्येकीबद्दल तीन प्रश्न विचारा. ही कुणी मागितली आहे? हीच माहिती दुसरीकडे आहे का? यातली माहिती बघून गेल्या वर्षात आपण काही निर्णय घेतला का? कुणी मागितलेली नाही, माहिती दुसरीकडे आहेच आणि निर्णयही कुठला झालेला नाही, असं निघालं तर ती वही त्याच दिवशी कपाटात जाऊ द्या.

ग्रुपसाठीही नियम करा. तातडीचं असेल तर फोन. बाकी सगळं कामाच्या वेळेत. चुकलेल्यांची नावं ग्रुपवर टाकायची नाहीत, त्यांच्याशी वेगळं बोलायचं. आणि वर पाठवलेल्या आकड्यांचं पुढे काय झालं, ते महिन्यातून एकदा खाली सांगा. आपण भरलेल्या माहितीमुळे एखाद्या वस्तीत लसीकरणाचं जादा सत्र लागलं, हे कळलं तर पुढच्या महिन्याची नोंद कुणी ओझं म्हणून भरत नाही.

चूक झाली तेव्हा

औषध देताना गफलत झाली, रुग्ण खाटेवरून पडला, सॅम्पलवर लेबल चुकीचं लागलं. अशा वेळी पहिला प्रश्न ‘कुणी केलं?’ असेल, तर पुढच्या वेळी तुम्हाला काहीच कळणार नाही. एमी एडमंडसन या हार्वर्डमधल्या संशोधिकेचा रुग्णालयांतल्या चमूंवरचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. जिथे नेतृत्व चांगलं होतं, तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. कारण तिथल्या माणसांना चूक सांगायची भीती नव्हती. कमी चुकांची वही बघून खूश होणाऱ्या प्रत्येक प्रमुखाने हा निष्कर्ष लक्षात ठेवावा.

पहिला प्रश्न ‘रुग्ण कसा आहे?’ हा असू द्या. दुसरा ‘हे कसं घडलं?’ दिसायला सारख्या दोन ॲम्प्युल एकाच खणात होत्या का? सिस्टर एकटी चाळीस रुग्ण बघत होती का? अनवधानाने झालेली चूक, पडलेल्या सवयीतून घेतलेला धोका आणि जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणा या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. मेमो फक्त तिसऱ्यासाठी राखून ठेवा. पहिल्या प्रकारात व्यवस्था बदला; दुसऱ्यात समजावून सांगा आणि ती सवय का पडली ते शोधा. रुग्णासमोर किंवा नातेवाइकांसमोर कर्मचाऱ्याला झापणं पूर्ण थांबवा. रुग्णाचा तिच्यावरचा विश्वास त्या एका वाक्याने जातो आणि पुढचे चार दिवस तिलाच त्याची शुश्रूषा करायची असते.

सुरक्षितता: बोलण्यात नव्हे, जागेवर

डॉक्टर, परिचारिका आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण मार खाल्लेल्या सिस्टरला पोलिस ठाण्यात एकटीला जावं लागलं, तर कायदा तिच्यापर्यंत पोचलेला नसतो. तक्रार संस्थेने द्यायची, प्रमुखाने सोबत जायचं, हे लेखी ठरवून ठेवा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती बंधनकारक आहे. समितीच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावा, आणि ही समिती कंत्राटी कर्मचारी, विद्यार्थिनी व सफाई कामगारांसाठीही आहे हे सांगा.

सुई टोचणं ही रोजची भीती आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हिपॅटायटिस-बी लशीचे तीन डोस पुरे झाले आहेत का, याची यादी आज करा. सफाई करणाऱ्या मावशीचं नाव त्यात पहिलं हवं, कारण कचऱ्यातली सुई तिलाच टोचते. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवायची, लगेच कळवायचं, आणि एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, जमल्यास दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. हे औषध रात्री दोन वाजता कुठे मिळेल, ते ड्यूटी रूमच्या दारामागे लिहिलेलं असू द्या.

आणि एक साधी गोष्ट. नाइटच्या सिस्टरसाठी आतून कडी लागणारं, दिवा असलेलं, पाणी असलेलं स्वच्छतागृह वॉर्डाच्या मजल्यावर आहे का? अनेक जणी ड्यूटीवर पाणी पिणं टाळतात, कारण जायला जागा नसते. सत्काराच्या शालीआधी ही कडी बसवा.

पैसे वेळेवर, हिशेब स्पष्ट

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आशा योजना सुरू झाली, साधारण दर हजार लोकसंख्येमागे एक आशा. देशभरात त्या दहा लाखांच्या घरात आहेत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने या सगळ्या जणींना मिळून जागतिक आरोग्य नेतृत्वासाठीचा पुरस्कार दिला. तरी सरकारी व्याख्येत त्या मानसेवीच राहिल्या आणि मोबदला कामानुसार, तुकड्यातुकड्याने मिळत राहिला. महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तकांना मोबदला वाढवून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा संपावर जावं लागलं.

दर तुम्ही ठरवत नाही, पण बिल वेळेवर पुढे पाठवणं तुमचं काम आहे. आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. वजन करते, ताप बघते, दूध पितं का ते बघते. सहा भेटी झाल्यावर त्या कामाची रक्कम तिच्या खात्यात जमा होते. पण खात्यात आलेले पैसे कोणत्या कामाचे आणि कोणते अजून यायचेत, हे कितीदा तिला कळतच नाही. दरमहा कामनिहाय हिशेबाची चिठ्ठी प्रत्येकीला द्या आणि नामंजूर झालेल्या रकमेचं कारण त्यावर लिहा.

खासगी रुग्णालयं चालवणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयांतही परिचारिकेचा पगार २० हजार रुपयांपेक्षा कमी नसावा, आणि २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत तो सरकारी परिचारिकेइतका असावा, अशी शिफारस केली. तेव्हापासून किती वर्षं गेली आणि महागाई किती वाढली, ते आपण सगळेच जाणतो.

मीटिंग: जाब की शिकणं

केंद्रातल्या मासिक मीटिंगचा नेहमीचा नमुना असा: आकडे वाचले जातात, मागे पडलेली उभी राहते, कारण सांगते, बसते. दोन तासांत कुणी काही शिकत नाही.

याहून वेगळं कसं असू शकतं, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या, त्यांतल्या पुष्कळ जणी निरक्षर, दर आठवड्याला केंद्रात जमत. कुणाच्या गावात काय घडलं, कुणाला काय अडलं, हे त्या एकमेकींना सांगत आणि त्यातूनच पुढचा धडा ठरे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतल्या त्या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९९९ साली प्रसिद्ध झालं. सुरुवातीच्या प्रशिक्षणावर हे भागलं नव्हतं. देखरेख करणारी माणसं गावात जाऊन नोंदी तपासत आणि तिथेच शिकवत.

तुमच्या मीटिंगचा पहिला अर्धा तास आकड्यांना देऊ नका, अनुभवाला द्या. दर महिन्याला दोघींनी एकेक केस सांगावी: एक जमलेली, एक न जमलेली. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्यावर शेवटी बोलावं. गटप्रवर्तकांनी भेटीला जाताना वहीआधी बाळ बघावं. आशाताईने वजनकाटा शून्यावर आणला का, झोळी कशी धरली, ते पाहून जे चांगलं केलं ते आईसमोर म्हणावं. गावात तिचा शब्द त्याने वजनदार होतो, आणि उद्या ती दवाखान्यात चला म्हणाली की लोक ऐकतात.

सुरुवात कुठून करायची

हे सगळं एकदम होणार नाही. नाव न लिहिता एक कागद सगळ्यांकडून भरून घ्या. त्यावर तीनच प्रश्न ठेवा: तुमचं काम नीट करण्यात सगळ्यात मोठी अडचण कोणती, ती दूर करायला काय लागेल, आणि इथली कोणती गोष्ट बदलू नये? मावशी-मामांना लिहायला अडचण असेल तर त्यांच्या विश्वासातल्या माणसाने लिहून घ्यावं. आठ दिवसांत उत्तरं सगळ्यांसमोर वाचा आणि आपल्या हातातली एक अडचण त्याच महिन्यात सोडवा. ती लहान असली तरी चालेल, पण सुटलेली सगळ्यांना दिसली पाहिजे. कागद भरून घेतले आणि पुढे काहीच झालं नाही, तर न विचारण्यापेक्षा ते वाईट. दर तीन महिन्यांनी हेच तीन प्रश्न पुन्हा विचारा आणि दरम्यान जो कुणी सोडून गेला त्याच्याशी निवांत बोला; जाणारा माणूस बहुतेक वेळा खरं सांगतो.

जे तुमच्या हातात नाही, त्याची यादीही लेखी वर पाठवा: रिक्त पदं, थकलेला मोबदला, न मिळालेला पहारेकरी. चांगल्या प्रमुखाच्या हाताखाली माणसं जिवापाड राबतात आणि तुटवडा झाकला जातो. वर वाटतं, भागतंय की. भागवणाऱ्या माणसांची झीज अहवालात येत नाही, म्हणून ती तुम्ही लिहायची.

सेवाभावाची उणीव या माणसांत कधीच नव्हती. कोविडच्या काळात दारोदार फिरणाऱ्या आशाताई, पीपीई घालून तासन्‌तास पाण्याविना उभ्या राहिलेल्या सिस्टर आपण पाहिल्या आहेत. त्यांनी रुग्णाकडे नीट बघावं अशी आपली अपेक्षा असते. ती पुरी करायला लागणारा वेळ, साधनं, माहिती आणि सन्मान रोजच्या रोज त्यांच्या हाती देणं हे प्रमुखाचं पहिलं काम आहे, आणि ते उद्याच्या ड्यूटी चार्टपासून सुरू करता येतं.